सब ठीक, साब

शिदू हवालदारांच्या दोन बुटांपैकी उजवा नेहमी जास्त चकाकायचा, कारण त्यातला पाय लाकडाचा होता. रोज सकाळी चहाच्या आधी ते खाटेवर बसून त्या बुटाला पॉलिश करत. आधी फडकं, मग ब्रश, मग दुसरं फडकं आणि शेवटी तोंडाची वाफ. डाव्या बुटावरून नुसतं फडकं फिरायचं. मी त्या दवाखान्यात नवी होते आणि तोंडानं जरा फटकळही होते. एकदा मी विचारलं, "हवालदार, त्या पायाला ना घाम ना माती. मग एवढे लाड कशाला?"

ते हात न थांबवता म्हणाले, "शिष्टर, डावा पाय आयनं दिलाय. ती काय म्हणायची न्हाई. ह्यो सरकारनं दिलाय. सरकार कवाबी तपासायला यील."

दुसरं महायुद्ध संपायच्या सुमारास सातारला, गावाबाहेर, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला पत्र्याच्या तीन-चार बराकी उठल्या होत्या. फौजेतून सुटलेल्या पण दुखण्यातून न सुटलेल्या शिपायांसाठी तो दवाखाना होता. कुणाचा हात गेलेला, कुणाच्या पाठीत गोळी अडकलेली, कुणाचं डोकं ठिकाणावर नसलेलं. बहुतेक सगळे खटाव-माणकडचे किंवा शिराळ्याकडचे शेतकरी. मी सांगलीची. वडील एका वकिलाकडे कारकून होते. मी नर्सिंग शिकले हे घरात कुणाला फारसं सांगण्यासारखं वाटत नसे. आल्यागेल्यानं माझी चौकशी केली की आई म्हणायची, "ती सातारला असते," आणि लगेच पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी सरकवायची. त्यामुळे लाज झाकण्यासाठी माणसं काय काय करतात, हे मी घरूनच शिकून आले होते. पण हवालदारांच्या तोडीचा कारागीर मला त्याआधी भेटला नव्हता.

दुखणं ही त्यांना लाज वाटायची गोष्ट होती. भूक लागली, झोप आली, घरची आठवण आली, हे ते मोकळेपणानं बोलत. पण दुखतंय हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. त्यांचा पाय गुडघ्याच्या खाली कापलेला होता आणि जखम पुरी भरलेली नव्हती. आतल्या हाडाला काहीतरी होतं. पंधरा दिवस बरं राहायचं आणि पुन्हा पू धरायचा. मलमपट्टीची वेळ आली की ते पडदा लावायला सांगत, लाकडी पाय पांघरुणाच्या आत सोडत, आणि कापलेला पाय माझ्या हातात देऊन तोंड भिंतीकडे करत. मी बोरिकचा शेक देताना, मेलेली कातडी चिमट्यानं उचलताना विचारी, "दुखलं का?"

"सब ठीक, शिष्टर."

घामानं उशी ओली झालेली असायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, दुखत नाही म्हणालात तर मला कळणार कसं, कुठे थांबायचं?" त्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "तुमी थांबूच नगा. मंग इचारायचं कामच न्हाई."

ते कुठल्या हुद्द्यावर होते असं कुणी विचारलं तर उत्तर अवघड होतं. होते रुग्ण. पण वॉर्डाचा कारभार त्यांनी पहिल्याच महिन्यात हातात घेतला असावा. मी आले तेव्हा बराकीपुढच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेल्या दगडांच्या रांगा होत्या आणि पावसानं चुना गेला की ते पुन्हा रंगवायला घेत. सकाळी सगळ्या खाटांच्या चादरी ते स्वतः फिरून तपासत. कुणी कण्हत पडला असेल तर जवळ जाऊन हळू आवाजात म्हणत, "गड्या, बाजूला माणसं हायत." दरडावणं नव्हतं त्यात. धोतर सुटलंय हे जसं आपण दुसऱ्याला हळूच सांगतो, तसं ते सांगत. आणि तो माणूसही सुटलेलं धोतर सावरावं तसा गप्प व्हायचा.

त्यांच्या बायकोची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता ध्यानात यायचा नाही. वडूजच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथून अनसूयाबाई महिन्या-दीड महिन्यानं सर्व्हिस मोटारीनं यायच्या. फडक्यात बाजरीच्या भाकरी, हुलग्याचं पीठ, कधी लसणाची चटणी. त्या येणार असल्या की हवालदारांची सकाळपासून गडबड. खाकी विजार, कोट, पदकं, फेटा. लाकडी पायाचे पट्टे इतके आवळायचे की ते पाहून मलाच कळ यायची. बाई फाटकाजवळच्या लिंबाखाली बसलेल्या असत. हवालदार बराकीपासून त्या झाडापर्यंत काठी न घेता चालत जात. तासभर उभ्याउभ्या बोलत. कधी बसले नाहीत, कारण बसल्यावर उठताना आधार लागला असता. बाई गेल्या की ते येऊन खाटेवर पडत, आणि मी पट्टे सोडले की आतला पायमोजा रक्तानं भिजलेला निघे.

एकदा हवालदार डॉक्टरांकडे गेलेले असताना अनसूयाबाईंनी मला झाडाखाली बोलावलं. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आवं बाई, रागवू नगा. एक इचारू? त्यांचा पाय हाय का गेलाय?"

पाय कापून दीड वर्ष झालं होतं.

"मला सांगत्यात जरा मोडलाय, सरकार नीट करतंय. गावात एक जण म्हणतो तोडलाय. मी इचारलं तर बोलणंच बदलत्यात. मी आता इचारतच न्हाई. त्यास्नी वाईट वाटाय नगं." मग स्वतःशीच म्हणाल्या, "घरी या म्हनलं की म्हणत्यात, सुट्टी न्हाई."

मी खरं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग मला बजावलं, "मला कळलंय ह्ये त्यास्नी कळू दिऊ नगा." त्यानंतर दोघंही त्या लिंबाखाली आपापल्या परीनं एकमेकांना सांभाळत उभी राहायची. मी खिडकीतून बघायची आणि मलाच अपराध्यासारखं वाटायचं.

केरू आमच्याकडे आला तो ब्रह्मदेशाच्या लढाईतून. शिराळ्याजवळच्या वाडीचा, पंचवीस-सव्वीसचा असेल. अंगावर ओरखडाही नव्हता. पण हात थरथरायचे, मान हलायची, आणि एकदा सुरू झालं की सगळं अंग थंडी भरल्यासारखं उडायचं. पेला धरता यायचा नाही, घास तोंडापर्यंत न्यायचा तर निम्मा सांडायचा. हाच पोरगा फौजेत जायच्या आधी नागपंचमीला उघड्या हातानं नाग धरायचा, असं त्याचा भाऊ सांगायचा. डॉक्टर म्हणत, याला शांतता आणि ओळखीची माणसं पाहिजेत, वेळ लागेल पण निवळेल. गावात मात्र नागाचा कोप झालाय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. भाऊसुद्धा भेटायला आला की जरा लांबच उभा राहायचा.

केरूचा इलाज हवालदारांनी शोधला, आणि तोही अपघातानं. एका दुपारी केरूचं अंग उडायला लागलं. आम्ही दोघी नर्सांनी धरूनही आवरेना. हवालदार लंगडत आले आणि त्यांनी त्याच्या कानाशी, अगदी बारीक आवाजात, हुकूम दिला, "अटेंशन." केरू ताडकन उठून उभा राहिला. टाचा जुळलेल्या, हात विजारीच्या शिवणीला, नजर समोर. एक बोट हलत नव्हतं. आम्ही बघतच राहिलो. हवालदारांनी त्याला तसंच जरा वेळ ठेवलं आणि मग खाटेवर बसवून म्हणाले, "स्टँडॅटीज. आता ढिला सोड, गड्या." त्यानं अंग सोडलं तसं थरथरणं परत आलं, पण पहिल्यापेक्षा कमी.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "दाबून ठेवणं म्हणजे बरं होणं नाही. पण जेवण पोटात जाईल तेवढ्यापुरतं करा." मग जेवायच्या वेळी हवालदार त्याच्या खाटेशी येऊन बसू लागले. "अटेंशन" म्हणायचं, एक घास जायचा. "स्टँडॅटीज," की तो मान हलवत चावायचा. जेवण संपायला फार वेळ लागायचा. हवालदारांची स्वतःची भाकरी गार व्हायची. केरू हळूहळू सुधारत होता. पुढेपुढे तर एखादा पेला तो हुकमाशिवायही धरू लागला होता.

अशात आमचा दवाखाना हलवायचा बेत कानावर आला. एखादी गोष्ट मोडायची असली की सरकारी भाषेत तिला फेररचना म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पुण्याला मोठा लष्करी दवाखाना आहे, तिथं सगळी साधनं आहेत, मग सातारला हा वेगळा पसारा कशाला, असं वरच्यांचं म्हणणं. जे बरे झालेत त्यांनी घरी जावं, उरलेल्यांना पुण्याला हलवावं, आणि पुढे कुणाला काही झालं तर त्यानं पुण्याला यावं. कागदावर हे शहाणपणाचंच दिसत होतं. पण वडूजच्या पलीकडच्या माणसाचा साताऱ्याला यायलाच दिवस मोडायचा. तो मलमपट्टीसाठी पुण्याला जाणार नव्हता, घरीच पडून राहणार होता. आणि केरूला पुण्याच्या त्या अवाढव्य वॉर्डात कोण घासाघासाला हुकूम देणार होतं?

ठरवण्याआधी एक कमिटी येऊन पाहून जाणार होती. आमचे डॉक्टर वाईचे, मुलकी नोकरीतले, बोलायला सरळ. त्यांनी सगळ्यांना गोळा करून स्पष्ट सांगितलं, "साहेब विचारतील तेव्हा जे आहे ते सांगा. दुखत असेल तर दुखतं म्हणा. जखमा उघड्या करून दाखवा. आपल्याला या जागेची गरज आहे, हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

"जी, साब," सगळ्यांच्या वतीनं हवालदार म्हणाले.

फौजेतल्या माणसाच्या "जी, साब"चा अर्थ ऐकू आलं, एवढाच असतो. डॉक्टर पाठमोरे झाल्याबरोबर हवालदारांनी वॉर्डाच्या मधोमध उभं राहून आपली सभा घेतली. "इन्स्पेक्शन हाय. जी पलटण ढिली दिसती ती मोडत्यात. आपली पलटण आता हीच हाय. समजलं का?"

समजलं, सगळ्यांना समजलं. वर्षानुवर्षं त्यांना हेच शिकवलेलं होतं. मी मध्ये पडले. "हवालदार, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. पर शिष्टर, डाक्टर लय भला माणूस, त्यास्नी इन्स्पेक्शन ठावं न्हाई. साबाम्होरं रडणाऱ्याला कुणी ठिवून घेत न्हाई. रडका शिपाई पयला घालवत्यात. मी सोता बगितलंय."

त्यांच्या डोळ्यांत असा विश्वास होता की मलाही क्षणभर वाटलं, याच्या जगातलं हा आपल्यापेक्षा जास्त जाणतो. दोन दिवस नुसती धांदल. दगडांना नवा चुना. चादरींना खळ. ज्यांना हात होते त्यांनी ज्यांना नव्हते त्यांची पदकं घासली. लंगड्यांनी खिडक्या पुसल्या. एवढे आनंदात मी त्या माणसांना आधी पाहिलं नव्हतं. कुणी तरी आपल्याला बघायला येतंय, आणि आपल्याला अजून काहीतरी नीट करता येतंय. आम्ही नर्सासुद्धा त्यात सामील झालो.

कमिटी आली. पुढे गोरा कर्नल, मागे एक आपल्याकडचे मुलकी साहेब, हातात वही घेतलेला एक मदतनीस, आणि बाजूला आमचे डॉक्टर. दारात हवालदारांनी असा कडक सॅल्यूट ठोकला की कर्नलसाहेबांचा चेहरा खुलला. आत प्रत्येक खाटेशी एकेक माणूस ताठ उभा. हणमंताच्या पाठीत गोळी होती, त्याला उभं राहता येत नसे. तो घडी घातलेल्या कांबळ्याच्या आधारानं खाटेवर ताठ बसला होता आणि त्याच्या ओठांवर दातांच्या खुणा होत्या.

"कोई तकलीफ?" कर्नलसाहेब विचारत.

"नहीं, साब. सब ठीक, साब."

पुढच्या खाटेशी पुन्हा तेच. आणि पुन्हा तेच. डॉक्टर मध्येमध्ये काही सांगायला बघत, पण ज्याच्याबद्दल सांगायचं तोच समोर छाती काढून उभा. केरूपाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, याचे हातपाय सतत थरथरतात. कर्नलसाहेबांनी केरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केरू खांबासारखा उभा होता. पापणीसुद्धा हलत नव्हती. त्याच्या मागे हवालदार होते. मुलकी साहेब डॉक्टरांकडे बघून जरासं हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

शेवटी डॉक्टर हवालदारांकडे वळले. त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. "हवालदार, तुमचा पाय साहेबांना दाखवा. पट्टा सोडा."

हवालदारांचा चेहरा एकदम उतरला. इतक्या माणसांपुढे, गोऱ्या साहेबापुढे विजार वर करून तो पाय बाहेर काढायचा. ते डॉक्टरांकडे बघेनात. कर्नलसाहेबांना म्हणाले, "पाय एकदम ठीक, साब," आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मार्च करून दाखवला. लाकडाचा ठोका फरशीवर बसत होता. परत येऊन थांबले तेव्हा कपाळावर घाम होता, पण मान ताठ. कर्नलसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि "शाबास, हवालदार" म्हणाले. मनापासून म्हणाले असावेत. तो माणूस वाईट नव्हता. त्याला जे दाखवलं ते त्यानं पाहिलं.

मोटार गेल्यावर सगळा वॉर्ड आडवा झाला. केरूचं थरथरणं संध्याकाळपर्यंत थांबेना. हणमंताला उताणं करायला तिघं लागलो. आणि हवालदार, पायमोजा रक्तानं चिकटून बसलेला, मी तो भिजवून सोडवत होते तेव्हा पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून हसले. "पास झालो, शिष्टर. साबानं हात मिळवला."

मी रक्ताळलेला पायमोजा बादलीत टाकला. डॉक्टर बाहेर पायरीवर बसले होते.

काही आठवड्यांनी निकाल आला. डॉक्टरांनी तो वॉर्डात उभं राहून मराठीत सांगितला. बहुतेक रुग्ण समाधानकारक बरे झालेले आढळले, वॉर्डाची शिस्त नमुनेदार आहे, सबब स्वतंत्र दवाखान्याची आवश्यकता दिसत नाही. थोड्या जणांना पुण्याला पाठवायचं, बाकीच्यांनी घरी जायचं. केरूचं नाव घरी जाणाऱ्यांत होतं. हवालदारांचंही.

हवालदारांना ते लगेच उमगलं नाही. "शिस्त नमुनेदार" ऐकून त्यांनी मान डोलावली होती. मग ती मान तशीच थांबली. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि कुणाच्याच नजरेत दोष नव्हता. ते जास्त वाईट होतं. हणमंता उशीवरून म्हणाला, "हवालदार, मनाला लावून घिऊ नगा. आपुन उभं मातुर झ्याक राहिलो व्हतो."

ते बाहेर गेले. बऱ्याच वेळानं मी शोधायला गेले तर चुन्याच्या दगडांपाशी जमिनीवर बसलेले. ते कधी जमिनीवर बसत नसत, कारण एकट्याला उठता यायचं नाही. कोटाला चुना लागला होता.

"शिष्टर, डाक्टर म्हणाले व्हते, दावा म्हणून."

"हो."

"म्या समद्यास्नी उभं केलं." मग म्हणाले, "केरूला बी."

मला त्यांच्याकडे बघायचीच लाज वाटत होती. उघड्या अंगाच्या माणसाकडे चुकून नजर गेल्यावर वाटते तशी. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि उठले. माझ्या आठवणीत त्यांनी आधाराला कुणाचा हात धरलेला तो पहिलाच.

जायच्या दिवशी बूट पॉलिश झाले नव्हते. केरूचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. केरू गाडीत चढताना एकसारखा मागे वळून बघत होता, हुकूम यायची वाट बघत असावा. हवालदार खांबाआड उभे राहिले, पुढे आलेच नाहीत. दुपारी अनसूयाबाई त्यांना न्यायला आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त त्यांची ट्रंक डोक्यावर घेतली. फाटकाबाहेर पडेपर्यंत हवालदार काठीशिवाय चालले. पुढे वळणावर ते दिसेनासे झाले.

मला सांगलीच्या दवाखान्यात जागा मिळाली. मी आता गावातच असते म्हटल्यावर आईचं ते "सातारला असते" हे उत्तर संपलं आणि नाइलाजानं खरं सांगावं लागलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दरम्यान देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झालं, दारावरच्या पाट्या बदलल्या. आणि मग असंही ठरलं की एवढ्या लांब पुण्याला माजी शिपाई जात नाहीत, तेव्हा आमच्याकडे त्यांच्यासाठी काही खाटा राखून ठेवाव्यात. म्हणजे जे मोडलं होतं तेच, लहान करून, दुसरीकडे. खाटा अगदी थोड्या आणि मागणारे पुष्कळ. आमचे नवे डॉक्टर तरुण होते, कामाला वाघ, पण फसवलं जाण्याची त्यांना धास्ती. जुना खाकी सदरा घालून कुणीही येतो म्हणायचे.

एकोणपन्नास सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी व्हरांड्यात ही गर्दी. मी औषधाचा ट्रे घेऊन जात होते. रांगेत कुबडी घेतलेला एक माणूस दिसला. धोतर नेसलेला, त्याची उजवी बाजू गुडघ्याखाली दुमडून वर खोचलेली, आणि त्याखाली काही नाही. फेटा साधा, पदकं नाहीत. मी पुढे गेले, आणि मागे फिरले.

"हवालदार?"

"व्हय, शिष्टर." ते ओशाळं हसले. मी खाली बघितलेलं त्यांना दिसलं. "लाकडाचा ठिवला काढून. लय लागत व्हता."

त्यांच्या शेजारी केरू होता. ओळखू येत नव्हता इतका वाळलेला, दाढी वाढलेली, मनगटावर दोरीचे वळ. हवालदारांनीच हळू आवाजात सांगितलं. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं की शिराळ्याकडे केरूला गोठ्यात बांधून ठेवतात. नागाचा कोप म्हणून जवळ कुणी जात नाही, ताटली लांबून सरकवतात. ते ऐकल्यावर ते वडुजाहून शिराळ्याला गेले. भावाशी भांडले नाहीत. "घिऊन जातो," एवढंच म्हणाले. बरोबर अनसूयाबाई होत्या. त्या खाली आवारात, पायऱ्यांपाशी गाठोडं घेऊन बसल्या होत्या.

त्यांचा नंबर आला. डॉक्टर खुर्चीवरून उठून व्हरांड्यात आले, आणि बुटांचा आवाज ऐकल्याबरोबर केरू ताठ झाला. टाचा जुळल्या, हात मांड्यांना, नजर समोर. एक बोट हलेना.

डॉक्टरांनी त्याला पाहिलं. "याला काय झालंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, धडधाकट आहे हा. खाटा आहेत किती, माणसं किती. पुढचा घ्या."

हवालदार केरूकडे बघत होते. अख्खा व्हरांडा बघत होता, बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. हवालदारांनी कुबडी पुढे टेकली आणि केरूच्या समोर जाऊन उभे राहिले.

"केरू, स्टँडॅटीज."

केरू हलला नाही. साहेब समोर होते.

मग हवालदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "ढिला सोड, गड्या. साबास्नी बगू दे. माणसं बगत्यात, बगू द्यात."

आधी बोटं हलली. मग हात, मग मान, आणि मग सगळं अंग उडायला लागलं. दात वाजायला लागले, धोतर ओलं झालं. पोरं हसली, कुणी तरी त्यांना दटावलं. हवालदारांनी त्याला "अटेंशन" म्हटलं नाही. एका शब्दानं तो थांबला असता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते त्याला धरून उभे राहिले आणि खाली फरशीकडे बघत म्हणाले, "ह्यो ठीक न्हाई, साब." मग आपल्या दुमडलेल्या धोतराकडे हात केला. "आन् मी बी न्हाई. दुखतंय, साब. लय दुखतंय."

डॉक्टर दोन पावलं पुढे आले. मग त्यांनी स्वतः केरूचा दुसरा दंड धरला आणि मला म्हणाले, "खाट तयार करा." हवालदारांचा पायही त्यांनी तिथंच बाकावर बसवून पाहिला. त्यांनाही ठेवून घेतो म्हणाले, पण एवढ्यात खाट नव्हती. आठवड्यानं या म्हणाले. हवालदारांनी मान डोलावली.

केरूला आत नेऊन मी बाहेर आले तेव्हा ते निघाले होते. त्यांनी सॅल्यूट ठोकला नाही, मी त्याची वाट बघत होते हे मला नंतर जाणवलं. व्हरांड्याच्या पायऱ्या उंच होत्या. त्यांनी कुबडी खाली उभ्या असलेल्या अनसूयाबाईंकडे दिली. मग सगळ्या लोकांच्या देखत पहिल्या पायरीवर बसले, आणि बसल्याबसल्या, दोन्ही हात टेकत, कापलेला पाय समोर धरून, एकेक पायरी खाली उतरू लागले.